सुकडीचे किरिस्ताव

सुकडी म्हणजे काय, हे आताच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांना वाटायचे ती भाजक्या पिठाची गोडसर भुकटी. पाण्यात कालवून खायची, नाहीतर तशीच तोंडात टाकायची आणि जीभ टाळूला चिकटली की थोडा वेळ गप्प बसायचं. ती सगळ्यांनी खाल्ली. शेतमालकांनी खाल्ली, त्यांच्या सालगड्यांनी खाल्ली, कामावरच्या मुकादमानं तर पोतंभर घरी नेली. खाणारे सगळे ज्या देवाचे होते त्याच देवाचे राहिले. आमच्या घराला मात्र जन्माचं नाव पडलं, सुकडीचे किरिस्ताव.

हे नाव आम्हाला दोन्ही बाजूंनी मिळालं. भावकीनं दिलं ते समजण्यासारखं होतं. चर्चमधल्या जुन्या घरांनीही दिलं. ते आमच्या तोंडावर म्हणत नसत, एवढाच फरक. चर्च कुठलं ते मी लिहिणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून आहेत, आणि जी गेली त्यांची मुलं माझ्या पुढच्या बाकावर बसतात.

मी आमच्या घरातली पहिली बी.ए. मायकडून बघा, बापाकडून बघा, माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. हे मी मिरवते आणि मिरवायची मला लाज नाही. पण मी कोण, हे त्या पदवीनं मला सांगितलं नाही. ते कळायच्या आधी मी माझ्या बापाबद्दल भरल्या चर्चमध्ये खोटं बोलले. बापाची खरी गोष्ट मला ठाऊक होती, तरी बोलले. म्हणून आधी ती खरी गोष्ट.

आम्ही धनगर. निजामाचं राज्य गेलं त्या पोलिस ॲक्शनच्या वेळी बा मेंढरांमागं चालण्याएवढा झाला होता. तेव्हाचं काही विचारलं तर म्हणायचा, "आधीचे बी मेंढरं नेताना इचारत नव्हते, नंतरचे बी इचारत नव्हते. आमच्यात काय बदल झाला म्हणून सांगू?" बा आणि त्याचा थोरला भाऊ, दोघांची मेंढरं एकत्र होती. दुष्काळात ती घेऊन दोघं पाण्याच्या मागं नदीच्या अंगानं उतरले. निम्मी वाटेत मेली. त्यात एक गाभण मेंढी एका कोरड्या ओढ्यात बसली ती उठेना. बानं तिला दोनदा उभं केलं, दोनदा ती बसली. तिच्यापाशी थांबलं तर पुढची भरकटतात. तो तिला तशीच सोडून निघाला. मेलेली सोडली असती तर काही नव्हतं, त्या दिवसांत मेलेली रोजच सोडत होते. ही जिती होती आणि ओढ्याच्या वळणापर्यंत ओरडत होती. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना वळणापाशी येऊन थांबला. पुढचं सांगितलं नाही.

उरलेली मेंढरं भावाच्या हवाली करून तो मायला आणि मला घेऊन शहराकडं आला. मुकुंदवाडीच्या पलीकडं तेव्हा नुसता माळ होता. तिथं दुष्काळी कामावर दोघं खडी फोडायला लागले. मी पाच वर्षांची असेन.

त्या कामावर मिशनची एक बायबलबाई यायची. पांढरं लुगडं, काळी छत्री, आणि बगलेत रंगीत चित्रांची चवड. दुपारच्या सुट्टीत ती लिंबाखाली बसून गोष्टी सांगायची. बाया ऐकायच्या, कारण ऐकताना बसायला मिळायचं. बा त्यांच्यात बसायचा नाही. पाठ करून, जरा लांब, आपला ढीग फोडत राहायचा. एक दिवस तिनं शंभर मेंढरांची गोष्ट काढली. एक हरवलं, आणि धनी नव्याण्णव रानात सोडून त्या एकाला हुडकायला गेला. बाचा हातोडा थांबला. हे पुढं मायनं मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मला वाटतं मीच पाहिलं.

"किती म्हणल्या बाई?"

"शंभर."

"अन् नव्याण्णव कुणापाशी ठेवली?"

"कुणापाशी नाही. रानात सोडली."

"रानात? लांडगं नव्हतं का तिकडं?"

बायबलबाई म्हणाली, असेल. बा हसला. बाकीचे पण हसले. "असा धनगर म्या पाह्यला नाय," बा म्हणाला. "चार दिसांत भिकंला लागंल त्यो." आणि पुन्हा खडी फोडायला लागला.

दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन तिच्यापाशी गेला. हातोडा हातातच होता.

"त्या धनगराचं पुढं काय झालं?"

बायबलबाईनं धनगराची आणि येशूची गोष्ट चुकून एक केली, की मुद्दाम केली, मला माहीत नाही. ती म्हणाली, "मारला त्याला लोकांनी. खिळे ठोकून."

बानं हातोडा खाली ठेवला. मग म्हणाला, "वाटलंच मला. असल्याला जितं ठेवतेत व्हय लोक."

एवढीच आमच्या घराची गोष्ट. तो सुकडीच्या रांगेत असताना त्याला काही साक्षात्कार झाला नाही. असा धनगर माणसांत नसतो, हे त्याला धंद्यानं माहीत होतं. म्हणून हा माणूस नव्हे, हे त्याला पटलं. मायला त्यानं एकदा सांगितलं, "म्या तिला सोडून आलो. त्यो आला नसता. मला त्योच पायजे."

बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर दोन वर्षांनी. तेव्हा पाऊस बरा झाला होता, ज्वारी आली होती, सुकडी बंद होऊन लोक तिची चव विसरले होते. बाप्तिस्म्याच्या आठवड्यात बा भावाकडं आपल्या वाट्याची मेंढरं मागायला गेला. चुलता म्हणाला, "देवाची मेंढरं हायेत ही. देव सोडला त्याची नाय." भावकी बसली, तिनं चुलत्याचं खरं केलं. बा हात हलवत परत आला आणि तिथून पुढं मरेपर्यंत खडीचाच राहिला. हातोडा गेला, क्रशर आलं, एवढंच बदललं. लोक म्हणतात हे उपाशी होते म्हणून ख्रिस्ती झाले. आम्ही ख्रिस्ती झालो म्हणून उपाशी राहिलो. एवढं साधं उलटं कुणाला सुलटं करून बघावंसं वाटलं नाही.

चर्चमध्ये आम्हाला काम मिळालं ते नाताळच्या, येशूच्या जन्माच्या नाटकातलं. मंडळीतली जुनी घरं म्हणजे नर्सा, मास्तर, कचेरीतले कारकून. त्यांचेही आजे-पणजे कुठून तरी आलेच होते, पण तीन पिढ्या झाल्या की माणूस आपलं येणं विसरतो आणि दुसऱ्याचं लक्षात ठेवतो. त्यांची मुलं राजे व्हायची, साटीनच्या पलंगपोसाचे झगे घालून. मुली देवदूत व्हायच्या. मेंढपाळ मात्र कुणाला व्हायचं नसायचं, आणि आम्ही तर तयारच आलो होतो. घोंगडी खरी, काठी खरी, चुलत्याकडून मागून आणलेलं कोकरू खरं. त्या सगळ्या नाटकात तेवढंच खरं होतं आणि लोक त्यालाच हसायचे.

बाला एकच वाक्य होतं. चला, जन्मलेल्या बाळाला जाऊन बघू, अशा अर्थाचं, चांगल्या पुस्तकी मराठीत. तो म्हणायचा, "चला रं, बघून येऊ." नाटक बसवणाऱ्या बाईंनी दोनतीनदा दुरुस्त केलं. बा त्यांना म्हणाला, "धनगर असं बोलत नाय, बाई." आणि तालमीत एकदा त्यानं सगळ्यांना थांबवून विचारलं, "आम्ही समदेच गेलो तर मेंढरापाशी कोण? एक गडी तरी मागं ठिवा." सगळं चर्च हसलं. त्यानं ते गंमत म्हणून विचारलं नव्हतं. चौथीत असताना मी बाईंना म्हटलं, मला देवदूत व्हायचंय. त्या म्हणाल्या, "तुला कशाला गं पंख? तुझ्याकडं घोंगडी आहे ना." पुढं बसलेल्या एक बाई नाकाला रुमाल लावून हे ऐकत होत्या. रुमाल घोंगडीसाठी होता.

मी तेव्हाच ठरवलं की शिकायचं. देवासाठी नव्हे, त्या रुमालासाठी. बी.ए. झाले, बी.एड. झाले. माय उस्मानपुऱ्यात धुणीभांडी करायची. क्रांती चौकातून कॉलेजला जाताना कधी ती कामाच्या घराकडं निघालेली दिसायची. मी मैत्रिणींना सांगायचे, ती माझी माय. सांगताना मान वर ठेवायचे. मानेला त्याची सवय लावावी लागते, आपोआप राहत नाही.

बी.एड.चा निकाल लागला त्या वर्षी बाची छाती गेली. क्रशरची धूळ आत बसली होती. दहा पावलं चालला की भिंत धरायचा. क्रशरवाल्यानं त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. घरात कमावणारी एकटी माय, आणि तिची बोटं सोड्यानं फाटलेली. अशात एका मिशनच्या मुलींच्या शाळेत जागा निघाली. अर्जासोबत मंडळीचं पत्र लागत होतं, की ही बाई आमच्यातली आहे.

मंडळीचे सेक्रेटरी रिटायर हेडमास्तर होते. अक्षर फार सुंदर. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते उन्हात खुर्ची टाकून नाताळच्या कार्यक्रमाचा कागद करत होते.

"ये, बस. यंदा परदेशचे पाहुणे आहेत. तुझ्या बाबांना सांग, घोंगडी स्वच्छ करून ठेवा."

"सर, त्यांना आता उभं राहवत नाही."

"मग स्टूल देऊ. तू शेजारी उभी राहा. आणि यंदा तू साक्ष द्यायची. तू चांगली बोलतेस, शिकलीस."

साक्ष म्हणजे आपण प्रभूकडं कसे आलो ते चारचौघांत सांगायचं. आमच्यात ती पद्धत आहे. मला खरं तर आनंद झाला. इतक्या वर्षांत आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. मी त्यांना शंभर मेंढरांची गोष्ट सांगितली, ओढ्यातल्या मेंढीसकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. पेनाचं टोपण लावलं.

"छान आहे. पण अगं, हे धर्मशास्त्र झालं. पाहुण्यांना भूक समजते."

"आम्ही भुकेनं आलो नाही, सर."

"आलात की. दुष्काळात आलात. सुकडी खाल्लीत ना?"

"सगळ्यांनी खाल्ली."

"मग झालं तर. खोटं कुठं सांगायचंय? तेवढंच सांगायचं." त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. त्या सुंदर अक्षरात माझी साक्ष लिहून तयार होती. "पाठ कर. बघून वाचलंस तरी चालेल."

"पत्राचं काय करू, सर?"

"पत्राचं होईल. नाताळ तर होऊ दे."

यात धमकी कुठंच नव्हती. मी नंतर खूप शोधली. ते हसून बोलत होते, आणि निघताना त्यांच्या बायकोनं मला चहा दिला.

कोकरू आणायला यंदा मलाच जावं लागलं. चुलत्याचा तळ चिकलठाण्याच्या पुढं माळावर पडला होता.

"सलाम," चुलता म्हणाला. ख्रिस्ती लोक भेटल्यावर सलाम म्हणतात, म्हणून आम्हाला बघितलं की तो मुद्दाम सलाम घालायचा. राम राम त्यानं आमच्यासाठी बंद केला होता.

"काका, एक कोकरू पायजे. उद्या सांजपर्यंत."

"दरसाली पायजे. तुमच्या देवाला लई नाद हाय कोकराचा. कापता का?"

"नाय. धरून उभं राहायचं."

"नुसतं धरून?" चुलती चुलीपाशी होती, तिच्याकडं वळून तो म्हणाला, "ऐकलं का, कोकरू धरायसाठी पोरगी पंधरा वर्सं शिकली."

चुलती हसली. मीही हसले, दुसरं काय करणार. पण त्यानं कोकरू निवडलं ते सगळ्यांत चांगलं. पोट चाचपून बघितलं, पाय बघितले, आणि माझ्या हातात देताना दुसरीकडं बघत विचारलं, "खोकतो का अजून?"

"खोकतो."

"घोंगडीच्या आत धर म्हणावं. थंडी लई हाय."

थंडी कोकराला की बाला, ते त्यानं सांगितलं नाही.

नाताळच्या कार्यक्रमात पाहुणे पहिल्या रांगेत बसले होते, गळ्यात झेंडूचे हार. बा स्टुलावर, अंगावर घोंगडी, मांडीवर कोकरू. मी शेजारी उभी, साडीवर दुसरी घोंगडी. माझं बी.एड. झालेलं होतं आणि माझ्या हातात काठी होती. सेक्रेटरींनी खूण केली. मी कागद उघडला आणि वाचला. आम्ही अंधारात होतो. आम्ही अन्नाला महाग होतो. माझा बाप सुकडी मागायला प्रभूच्या लोकांच्या दारात आला, आणि सुकडीबरोबर त्याला प्रकाश मिळाला. मी स्वच्छ वाचलं. माझी वाणी चांगली आहे, कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस होतं. एक जण ते इंग्रजीत करून सांगत होता आणि पाहुण्यांतल्या एक बाई डोळे पुसत होत्या.

कोकरू आईसाठी ओरडत होतं. बानं त्याच्या तोंडात आपलं बोट दिलं, ते चोखत गप्प झालं. बा पूर्ण वेळ त्या कोकराकडंच बघत होता. टाळ्या झाल्या तेव्हाही.

कार्यक्रमानंतर फोटो काढले. मला पत्र तिथंच मिळालं, पाकिटात. त्यांनी आधीच लिहून खिशात ठेवलं होतं.

घरी आल्यावर मायनं पदर खोचला आणि मला विचारलं, "काय वाचलंस गं ते?"

"सरांनी लिहून दिलं होतं."

"त्यांनी लिव्हलं. वाचलं कोणी?"

मी घोंगडीची घडी घालायला लागले.

"दारात कवा गेला तुझा बाप? कुणाच्या दारात? सुकडी त्यानं तोंडात घातली नाय कवा. आपली वाटणी तुला कालवून द्यायचा. तुला. तू खाल्ली ती सुकडी." मायचा आवाज चढत नव्हता, तेच वाईट होतं. "बापाला भिकारी करून नोकरी आणली. कर आता."

मी बाच्या तोंडाकडं बघितलं. तो भिंतीला टेकून श्वास जमवत होता. मला वाटलं, हा मला मारेल तर बरं.

"बा, मी चुकले."

"व्हय."

"मला पत्र पायजे होतं."

"ठाव हाय." त्याला एका दमात दोन-चारच शब्द निघायचे. "म्या कसा आलो... ते त्याला ठाव हाय. मंडळीला नसू दे."

"अन् मी?"

"तू काय?"

"मी त्याच्यासमोर खोटं बोलले. त्याच्या घरात."

बा हसला आणि हसण्यानं खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "भावकी काढती माणसाला. मंडळीची कमिटी बी काढती. त्यो काढत नाय. त्यो मागं येतो. आता तू कुठं बी जा."

लोकांना वाटेल, इथं माझं मन हलकं झालं. नाही झालं. मला संतापच आला. सेक्रेटरींचा, पाहुण्यांचा, चुलत्याचा, आणि या माणसाचा, ज्याला एवढं करूनही माझा राग येत नव्हता. मी शाळेत रुजू झाले. मुलींना इतिहास शिकवायचे. रोज सकाळी प्रार्थनेला उभी राहायचे आणि माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. शब्द निघत नव्हता तरी एक गोष्ट हळूहळू लक्षात येत गेली. आजवर मी जे काही केलं होतं, शिकले, मान वर ठेवली, वाणी कमावली, ते सगळं कुणाला तरी दाखवायला केलं होतं. भावकीला, रुमालवाल्या बाईंना. आणि ज्या दिवशी माझ्यात दाखवण्यालायक काहीच उरलं नाही, त्या दिवशी बा म्हणाला होता, त्यो मागं येतो. तोवर मला वाटायचं, बाची गोष्ट बाची आहे आणि मी त्याच्यामागं चर्चला जाणारी पोरगी आहे. ओढ्यात बसलेली मीच होते. ते मला कुणी प्रवचनातून सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

बा उन्हाळ्याच्या तोंडाशी गेला. दुपारी गेला, मायनं दिलेली पेज अर्धी संपवून.

माती द्यायला मंडळी आली, कमी आली. चुलता आणि भावकीतले चार-पाच जण दफनभूमीच्या फाटकापाशी उभे राहिले. आत आले नाहीत. आत आले असते तर बाकीच्या भावकीनं त्यांनाही बाहेर काढलं असतं, म्हणून मी त्यांना आत या म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी पाठ वाचला. मग सेक्रेटरी दोन शब्द बोलायला पुढं झाले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणते. ते म्हणाले, "दुष्काळात सुकडीसाठी आपल्या दारात आलेला हा गरीब माणूस..."

"नाही," मी म्हणाले.

ते थांबले. त्यांना वाटलं, मी रडतेय. बाजूच्या बाईंनी माझा खांदा धरला, तो मी सोडवून घेतला.

"माझा बाप सुकडीसाठी आला नाही. सुकडी मी खाल्ली, मी पाच वर्षांची होते. त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा घराघरांत ज्वारी होती. बाप्तिस्मा घेतला म्हणून त्याच्या वाट्याची मेंढरं गेली. कुणाकडं गेली ते फाटकापाशी उभे आहेत त्यांना विचारा. नाताळात मी वाचलं ते खोटं होतं. ते मी पत्रासाठी वाचलं. सरांनी लिहून दिलं होतं."

माझा आवाज कुठंही कापला नाही. वक्तृत्वाचं बक्षीस पहिल्यांदा कामाला आलं. खरं कारण, म्हणजे ती शंभर मेंढरं आणि तो खिळे ठोकलेला धनी, ते मी तिथं सांगितलं नाही. बाच्या अंगावरचं तेवढं एकच कापड उरलं होतं, ते मला त्या लोकांपुढं ओढून काढायचं नव्हतं.

सेक्रेटरींनी गीताचं पुस्तक मिटलं आणि मागं सरकले. पाळकसाहेब म्हणाले, "आपण प्रार्थना करू या," आणि फार भरभर प्रार्थना केली. फाटकाकडं बघितलं तर चुलता घोंगडी खांद्यावर टाकून निघाला होता, बाकीचे त्याच्यामागं. मंडळीही पांगली. एक बाई जाताना मायला म्हणाल्या, "दुःखात माणूस काहीही बोलतं, मनावर घेऊ नका." माय म्हणाली, "ती दुःखात नाय बोलली." शेवटची माती आम्ही दोघींनी आणि खड्डा खणणाऱ्या माणसानं लोटली.

त्या उन्हाळ्यानंतर शाळेनं मला पुढचं वर्ष दिलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुसरी नोकरी मिळायला दोन वर्षं गेली, ती दोन वर्षं मायच्या बोटांवर काढली. चुलत्याच्या घरचं बोलणं कायमचं बंद झालं. सलामसुद्धा बंद झाला. तो गेला तेव्हा आम्हाला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. म्हणजे एका वाक्यानं मी दोन्ही बाजू घालवल्या. हे मी कुणाला आदर्श म्हणून सांगत नाही. मायनं त्याची झळ सोसली आणि मला एका शब्दानं बोलून दाखवली नाही, म्हणून निभलं.

पण त्यानंतर मला कुणी विचारलं, तुम्ही मूळच्या कोण, तर मी सांगते, धनगर. आता कोण, तर ख्रिस्ती. दोन्ही सांगताना माझा आवाज खाली जात नाही, आणि समोरच्याचा चेहरा मी बघत बसत नाही. आधी बघायचे.

एवढं होऊन तुम्ही त्याच चर्चला कशा जाता, असं माझ्या नंतरच्या शाळेतल्या एका बाईंनी एकदा विचारलं. मी म्हटलं, का नको जाऊ? माझ्या बापाला या लोकांनी आणलं नव्हतं. मलाही त्यांनी आणलं नाही. ज्यांनी आणलं नाही त्यांना मला काढताही येत नाही. बाप गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी मायला घेऊन गेले आणि तिसऱ्या बाकावर बसले. आमच्या बाजूची जागा रिकामी राहिली, पुष्कळ दिवस राहिली. सेक्रेटरी होते तोवर दर रविवारी दारात मी त्यांना सलाम करायचे. तेही करायचे. दोघांपैकी कुणी थांबत नव्हतं.